सापळा माणूस ओळखत नाही

मराठवाड्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला देवगिरीच्या किल्ल्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जालना असो, अंबड असो, भोकरदन किंवा परतूर असो, शाळेच्या सहलीची एसटी कधी ना कधी दौलताबादला जाऊन आलेली असते. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी आमच्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने हा किल्ला आपल्याच जिल्ह्यातला होता. सहलीला गेलेल्या मुलांना चाँद मिनार आठवतो, मेंढा तोफ आठवते. पण मोठेपणीही जी विसरता येत नाही ती अंधारी. खडक कापून काढलेला खंदक, त्यावरची अरुंद वाट आणि पुढे डोंगराच्या पोटातून वळणे घेत वर चढणारा काळोखा मार्ग. तिथे वाटाड्या उजेड विझवतो आणि सांगू लागतो. शत्रू इथवर आला, की त्याला एका बाजूला उजेडाची फट दिसायची. बिचारा उजेडाकडे धावायचा आणि थेट खंदकात पडायचा. जो वाचला तो पुढे गेला, तर भुयाराच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर आत कोंडला जायचा. मुले श्वास रोखून ऐकतात आणि शत्रू पडला की हसतात, टाळ्या वाजवतात.

या टाळ्यांविषयी आम्हाला थोडे बोलायचे आहे.

इंग्रजीत अशा युक्तीला 'बूबी ट्रॅप' म्हणतात. वरून निरुपद्रवी दिसणारी वस्तू किंवा वाट. हात लावला, पाऊल टाकले की घात. यातल्या 'बूबी'चा अर्थ बावळट. म्हणजे नावातच निकाल लागलेला आहे: जो सापडला तो मूर्ख होता. आपल्या मराठीत सापळा, फास, चाप, गळ असे शब्द आहेत. ते निदान पडणाऱ्याला नावे ठेवत नाहीत. पण शब्द वेगळे असले तरी मनाची ठेवण फारशी वेगळी नाही. कुणी कुठे अडकला, पडला, मेला, तर आपल्याही तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच: 'तो तिकडे गेलाच कशाला?' हा प्रश्न आपण कुठे शिकलो? आम्हाला वाटते, आपण तो बऱ्याच अंशी गोष्टींतून शिकलो. म्हणून विचारावेसे वाटते, की गोष्टीतला सापळा आपल्याला इतका न्याय्य का वाटतो आणि तो न्याय गोष्टीबाहेर टिकतो का?

आधी देवगिरीचेच पाहू. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा राजा रामचंद्रदेव यादवाने किल्ल्याचा आश्रय घेतला. फरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी, की घाईघाईत धान्याची समजून जी पोती गडावर चढवली त्यांत मीठ निघाले आणि राजाला तह करावा लागला. पुढे १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा दिला तेव्हा मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला मोगलांच्या हवाली केला, तो आतली रसद संपत आल्यावर आणि बोलणी होऊन. म्हणजे या दोन्ही वेळी निकाल लावला तो मिठाने, भुकेने आणि वाटाघाटींनी. अंधारी मात्र गोष्टीत अजिंक्य राहिली. सापळ्याची खरी हुकमत रणांगणापेक्षा गोष्टीत अधिक चालते, हे यावरून ध्यानात यावे.

वाटाड्याच्या गोष्टीत एक जागा कायम रिकामी असते. पडला तो कोण होता? त्याला 'शत्रू' म्हटले की काम भागते. तो कदाचित पीक बुडाले म्हणून पोटासाठी कुठल्याशा सरदाराच्या फौजेत भरती झालेला एखादा शिपाई असेल. त्या भुयारात वाट चुकलेला किल्ल्यातलाच एखादा पाणक्या असेल. काळोखात दोघेही उजेडाकडेच धावणार, कारण उजेडाकडे धावणे हा काही शत्रूचा गुण नाही, तो माणसाचा गुण आहे. सापळा बांधणाऱ्याने नेमका तोच हेरलेला असतो. मग ही जागा रिकामी ठेवूनही गोष्ट आपल्याला पुरी कशी वाटते? याचे उत्तर शोधायला जुन्या गोष्टींकडे जावे लागते.

आमच्या घरांत गोष्टी दोन्हीकडून आल्या. दादी-नानीच्या दखनीतून हातिमताई, अमीर हमजा आणि अलीबाबा आले. शाळेच्या मराठीतून पंचतंत्र आणि महाभारत आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्यालाही आता दीडशे वर्षे उलटून गेली. दास्तानगोईच्या परंपरेत तिलिस्म नावाची एक अख्खी दुनियाच सापळ्यांची आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेली 'तिलिस्म-ए-होशरुबा' घ्या किंवा देवकीनंदन खत्रींची १८८८ सालची 'चंद्रकांता' घ्या. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी 'चंद्रकांता' मालिकेसाठी दूरदर्शनसमोर गोळा झालेली पिढी आता चाळिशी ओलांडून गेली. या तिलिस्मांचा एक नियम आहे, तो नीट पाहिला पाहिजे. तिलिस्म कोण तोडणार हे आधीच ठरलेले असते. त्या तिलिस्मकुशासाठी कुठेतरी एक लौह, म्हणजे पाटी, ठेवलेली असते. तिच्यावर वाट लिहिलेली असते. जो लायक नाही तो अडकतो, जो लायक आहे त्याच्यासाठी दार उघडते. तिलिस्म माणूस ओळखते.

अरेबियन नाइट्समधली हकीम दूबानची गोष्ट याहून काटेकोर आहे. दूबान राजा यूनानचा कोड बरा करतो. वजिराच्या कानभरणीने राजा त्याच हकिमाचे डोके उडवायचे ठरवतो. मरण्याआधी दूबान राजाला एक पुस्तक देतो आणि सांगतो, की माझे मस्तक कापल्यावर हे उघडा. पाने चिकटलेली असतात. राजा बोट जिभेला लावून एकेक पान सोडवत जातो आणि पानांना लावलेले विष त्याच्या अंगात भिनते. इथे सापळा राजाच्या अपराधाशीच बांधलेला आहे. राजाने हकिमाला जिवंत सोडले असते तर ते पुस्तक उघडायची वेळच आली नसती. अपराध घडला तरच चाप सुटतो. आपल्याला ही गोष्ट न्याय्य वाटते, कारण सापळ्याला जणू डोळे आहेत आणि ते डोळे लेखकाचे आहेत. कोण येणार, कुठल्या नियतीने येणार आणि कुठे बोट लावणार, हे लेखकाला ठाऊक असते. लेखकाच्या या सर्वज्ञपणाला आपण सापळ्याचा न्याय समजून बसतो, आणि इथेच आपली गफलत होते.

ही गफलत उघडी पाडणारी गोष्टही आपल्याच मातीतली आहे. महाभारतातले लाक्षागृह सर्वांना माहीत आहे. दुर्योधनाच्या सांगण्यावरून पुरोचनाने वारणावतात लाखेचे घर बांधले. पांडवांनी त्यात मुक्काम करायचा आणि रात्री आग लावायची असा बेत. विदुराने सावध केले, खणणारा माणूस पाठवला, भुयार तयार झाले. शेवटी भीमानेच घराला आग लावली आणि पांडव कुंतीसह निसटले. आपण इथवर वाचतो आणि सुस्कारा सोडतो. पण त्या रात्री कुंतीने दिलेल्या जेवणाला एक निषाद बाई आपल्या पाच मुलांना घेऊन आली होती. खाऊन-पिऊन ती सहाही माणसे तिथेच झोपली आणि जळाली. सकाळी सापडलेली सहा प्रेते पांडवांची आणि कुंतीची समजली गेली. सापळा लावला दुर्योधनाने, उलटवला पांडवांनी आणि मेली ती मंडळी, जी या भांडणात कुणाच्याच बाजूने नव्हती. महाभारतकाराने ही सहा प्रेते लपवली नाहीत, हा त्याचा मोठेपणा. आपण ती वाचून पुढे गेलो, हा आपला दोष. महाश्वेता देवींनी कुंती आणि निषादी यांच्यावर कथा लिहिली ती याच राखेतून. युद्ध संपल्यावर वनात गेलेल्या कुंतीपुढे त्यांनी त्याच कुळातली स्त्री आणून उभी केली.

दूबानचे पुस्तक आणि लाक्षागृह या दोहोंमध्ये सापळ्याचे सगळे नीतिशास्त्र आले. पहिल्यात सापळा माणूस ओळखतो. दुसऱ्यात तो ओळखत नाही. गोष्टीत दोन्ही शक्य आहेत. जगात मात्र दुसराच प्रकार आहे.

आता आजच्या मुलांकडे येऊ. त्यांच्या गोष्टी पुस्तकापेक्षा पडद्यावर जास्त घडतात. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले तेव्हा कितीतरी पोरांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ खेळला. १९८९ सालचा हा खेळ. शहजादा तळघरातून धावतो, जमिनीतून सुळे वर येतात, पायाखालची फरशी निखळते, दोन पाती कात्रीसारखी मिटतात. वेळ एक तासाचा. या खेळात निम्मी करामत सापळ्यांचीच आहे, आणि ती रचणाऱ्याने इमान राखलेले आहे. सैल फरशी पडण्याआधी हलते. सुळे कुठून येतात हे एकदा मेल्यावर कळते आणि दुसऱ्यांदा तिथून जपून जाता येते. पुढे २००३ मध्ये याच नावाचा नवा खेळ आला, त्यात शहजाद्याच्या हाती एक खंजीर दिला. त्याने काळ चार क्षण मागे नेता येतो. पडलात तर मागे या आणि पुन्हा उडी मारा.

आम्ही या खेळांना नावे ठेवणार नाही. चूक करून शिकण्याची संधी देणारी जागा मुलाला जगात फारशी मिळत नाही, खेळात मिळते. आपल्या मोक्षपटावरचे साप म्हणजेही सापळेच, आणि त्यांवर दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. सूफींच्या परंपरेतही अशा पटाची रूपे आढळतात. नाव लिहिलेला साप गिळतो आणि शिकवतोही. पण खेळाचे दोन नियम मुलाच्या मनात नकळत रुजतात, त्यांच्याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे. एक, पडलेला पुन्हा उठतो. दोन, आपण लावलेला सापळा आपल्या माणसावर उडत नाही. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'सारख्या खेळात गावाभोवती पुरलेले बॉम्ब हल्ला करणाऱ्यालाच दिसत नाहीत आणि हल्ला करणाऱ्यावरच फुटतात. गावकरी त्यांवरून खुशाल चालत राहतात. 'होम अलोन' या १९९० च्या चित्रपटात एकटा राहिलेला पोरगा चोरांसाठी घरभर चाप लावतो. चोर भाजतात, आपटतात, डोक्यावर रंगाचा डबा आदळतो आणि तरीही उठून पळतात. म्हणून आपण हसू शकतो.

हे दोन्ही नियम शेताच्या बांधावर खोटे ठरतात.

आमच्या जिल्ह्यात मका, हरभरा, सोयाबीन, मोसंबी करणाऱ्याला रोही आणि रानडुकरे यांचा उपद्रव सांगावा लागत नाही. उभे पीक एका रात्रीत लोळते. शेतकऱ्याचा राग खरा आहे आणि नुकसानही खरे आहे. त्यावर उपाय म्हणून झटका यंत्र मिळते. त्यात वीज तारेतून सलग वाहत नाही. निमिषभराचा ठोका देते आणि थांबते. जनावर दचकून मागे फिरते. पण काही जण पैसे वाचवायला किंवा जनावराचा कायमचा बंदोबस्त करायला खांबावरून थेट वीज घेऊन उघड्या तारेत सोडतात. ही वीज थांबत नाही. स्नायू आखडतात, तारेला लागलेला हात सुटत नाही. आणि त्या तारेला लागतो कोण? शेतीच्या पंपाला वीज रात्रीच्या पाळीत येते, म्हणून पिकाला पाणी द्यायला अंधारात निघालेला शेजारी. गवत कापायला आलेली मजूर बाई. कधी सकाळी वीज बंद करायला विसरलेला घरातलाच माणूस. अशा बातम्या महाराष्ट्रात हंगामामागून हंगाम येतात. बातमी वाचून चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतोच: 'रात्रीचा दुसऱ्याच्या शेतात गेलाच कशाला?'

या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये उत्तर दिलेले आहे. खटला बिहारमधला. शेजारच्या घराच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून त्या घरातली माणसे आरोपीच्या संडासात जाऊ लागली. आरोपीला ते खपले नाही. त्याने वाटेवर उघडी तांब्याची तार ताणून तिच्यात वीज सोडली. धोक्याची सूचना नव्हती. शेजारची एक बाई तारेला लागली आणि मेली. बचाव असा होता, की जागा माझी, बाई आगंतुक आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क मला आहे. न्यायालयाने तो मानला नाही. बिनपरवानगी आत आलेला माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही. त्याला हाकलता येईल, पण त्याच्या वाटेत मरण पेरता येणार नाही. शिक्षा कायम झाली. या निकालातली ती बाई चोर नव्हती, शत्रू नव्हती. तिला फक्त संडासाला जायचे होते.

इथे आम्हाला फिक्हमधला एक जुना मसला आठवतो. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात वाटेवर विहीर खोदणाऱ्याचा विचार केला आहे. लोकांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यात कुणी विहीर खोदली आणि त्यात पडून एखादा मेला, तर दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, खोदणाऱ्याच्या बाजूला येते. त्याला त्या माणसाला मारायचे नव्हते, तो त्याला ओळखतही नव्हता, हे खरे, तरीही. स्वतःच्या जागेत खोदली असेल तर हिशोब वेगळा. एकाने विहीर खोदली, दुसऱ्याने तिच्याजवळ दगड ठेवला आणि कुणी दगडाला ठेचकाळून आत पडला, तर जबाबदारी दगड ठेवणाऱ्यावर. आज हे वाचताना कुणाला शब्दांचा कीस वाटेल. आम्हाला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. फकीह पडणाऱ्याला विचारत नाहीत, की तू इकडे आलास कशाला. ते उलट्या दिशेने चालत जातात आणि विचारतात, की इथे खड्डा कुणी केला, दगड कुणी ठेवला. चालणाऱ्याचा चालण्याचा हक्क त्यांनी गृहीत धरलेला आहे. मदरशातल्या मुलालाही शिकवतात, की वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच एक भाग आहे. वाट मोकळी ठेवणे आणि वाटेत फास मांडणे ही एकमेकांची उलट कामे आहेत, हे सांगायला यापेक्षा सोपा दाखला नसेल.

मराठवाड्यात विहिरीचा विषय केवळ ग्रंथातला नाही. १८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. सात जण गेले. ती विहीर कुणी सापळा म्हणून खोदली नव्हती. पाण्यासाठीच खोदली होती. उघड्या राहिलेल्या बोअरवेलही कुणी मुलांसाठी मांडून ठेवत नाही. पाणी लागले नाही म्हणून त्या तशाच सोडल्या जातात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी सूचना दिल्या: खोदकामाभोवती कुंपण हवे, फलक हवा, तोंडाला झाकण हवे, सोडून दिलेले भोक बुजवले पाहिजे. जी वस्तू हेतूने मांडली नाही तिच्याबद्दलही एवढी काळजी घ्यावी लागते, कारण पडणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हेतू असला काय आणि नसला काय, खड्डा तितकाच खोल. मग जी हेतूने मांडली, वरून पाचोळा पसरून मांडली, तिच्याबद्दल काय म्हणावे?

लढाईतसुद्धा माणसाला इथे थांबावेसे वाटले. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८० मध्ये झालेल्या आणि सापळ्यांपुरत्या १९९६ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय करारात एक यादी आहे. भारताने तो करार स्वीकारला आहे. कशाकशाला स्फोटकाचा सापळा जोडू नये, याची ती यादी: मुलांची खेळणी, खाणेपिणे, स्वयंपाकाची भांडी, आजारी आणि जखमी माणसे, प्रेते, कबरी, औषधपाणी, पूजा-इबादतीच्या वस्तू. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. या सगळ्या अशा वस्तू आहेत, ज्यांना माणूस संशय न घेता हात लावतो. तहान, भूक, दया, श्रद्धा, मुलाचे कुतूहल हीच सापळ्याची खरी सामग्री. तलवार माणसाच्या अंगावर चालून येते. सापळा त्याच्या चांगुलपणातून आत शिरतो. म्हणून तो एका माणसाला मारून थांबत नाही, तर मागे राहिलेल्या सर्वांचा वस्तूंवरचा विश्वास मारतो.

१७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये हजारो पेजर एकाच वेळी फुटले. इस्रायलने ते हिजबुल्लाच्या माणसांसाठी पेरले होते. पण घरात वाजलेला पेजर कुणाच्या हातात असेल हे पेजरला कळत नाही. मेलेल्यांत मुलेही होती. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत पोलिसांच्या गाडीखाली नक्षलवाद्यांनी पुरलेला सुरुंग उडाला. १५ पोलीस गेले आणि त्यांच्यासोबत गाडीचा चालक गेला, जो पोलीस नव्हता. भाड्याची गाडी चालवत होता. इराकच्या आणि अफगाणिस्तानच्या रस्त्यांवर सुरुंग पुरणाऱ्यांनी तर आमच्याच दीनचे नाव घेतले आणि बाजाराला निघालेल्या आमच्याच भावंडांना उडवले. सरकारचे नाव घ्या, क्रांतीचे घ्या किंवा धर्माचे घ्या. मांडणाऱ्याच्या ओठांवर काय होते, हे जमिनीतल्या चापाला ठाऊक नसते. लाक्षागृहातली निषादी दर वेळी नव्या नावाने तिथे असतेच.

कुणी म्हणेल, हे सगळे कबूल. पण मग काय कथेतून सापळे काढून टाकायचे? भुयार नको, तिलिस्म नको, शहजाद्याने सरळ रस्त्याने जायचे? तसे आम्ही म्हणत नाही. सापळ्याशिवाय गोष्टीला धार येत नाही. प्रश्न एवढाच, की गोष्ट आपल्याला सापळ्याच्या कुठल्या बाजूला उभे करते. आल्फ्रेड हिचकॉक हा दिग्दर्शक एक फरक समजावून सांगत असे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर तो फुटल्यावर क्षणभर दचकणे होते. माहीत असेल आणि टेबलाशी बसलेली माणसे बेफिकीर गप्पा मारत असतील, तर प्रेक्षक मनातल्या मनात ओरडत राहतो: उठा, पळा. हिचकॉक ते उत्कंठेसाठी सांगत असे. आम्हाला त्यात नीतीही दिसते. ती 'उठा, पळा' अशी हाक म्हणजे चालणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे. ज्या गोष्टीत आपण मांडणाऱ्याच्या खांद्यावरून पाहतो तिथे टाळी येते. जिच्यात चालणाऱ्याच्या शेजारून पाहतो तिथे हाक येते. मनाला लागलेली सवय पुस्तक मिटल्यावरही जात नाही. टाळीची सवय लागलेला माणूस बांधावरच्या प्रेताला विचारतो, तू इकडे आलास कशाला. हाकेची सवय लागलेला माणूस तार काढायला जातो.

चालणाऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टींचीही आपल्याकडे कमी नाही. पंचतंत्रातली कबुतरांची गोष्ट इब्न अल-मुकफ्फाने आठव्या शतकात अरबीत नेलेल्या 'कलीला व दिम्ना'मध्ये आहे. म्हणजे ती आपली दुहेरी मिरास. पारध्याने दाणे टाकले, वर जाळे पसरले. कबुतरे भुकेली होती, उतरली, अडकली. गोष्ट त्यांना बावळट म्हणत नाही. ती जाळ्याच्या आत जाऊन बसते आणि तिथून पाहते. सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदराकडे पोहोचतात. उंदीर आपल्या मित्राचे, कबुतरांच्या राजाचे, पाश आधी कुरतडू लागतो, तेव्हा राजा म्हणतो, की आधी माझ्या सोबत्यांना मोकळे कर. तू थकलास आणि मीच तेवढा सुटलो असेन, तर त्यांचे काय?

मुस्लिम मराठी लेखकाला या गोष्टीतून काही घ्यायचे असेल, तर ते इथले आहे, असे आम्हाला वाटते. संशयाने पाहिले जाणे म्हणजे काय, 'तो तिथे काय करत होता?' हा प्रश्न अंगावर येणे म्हणजे काय, हे आमच्या वस्त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. ज्यांना तो प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागला, त्यांच्या लेखणीने तरी तो दुसऱ्याला विचारू नये. आमच्या कथांत सापळे असू द्यावेत, भरपूर असू द्यावेत. पण त्यात कोण पडला, तो कुठून आला होता, कशासाठी निघाला होता आणि त्याची घरी कोण वाट पाहत होते, एवढे लिहिल्याशिवाय पान उलटू नये. आणि रात्री मुलांना गोष्ट सांगताना भुयारातला शिपाई पडला, की क्षणभर थांबून त्याचे नाव काय असेल असे विचारावे. मुले नाव सुचवतात, आणि एकदा नाव दिले की त्याच्या पडण्यावर टाळी वाजवणे त्यांना जमत नाही.